झरोक्याचं दार

१२ जानेवारी १९९७, रविवार

प्रत्येक यंत्रासाठी मी वेगळी वही ठेवतो. मापं, तारखा, कुठे काय अडलं, काय बदललं. या माहितीपटासाठीही एक वही असावी असं ठरवलं. टेसा लिंडक्विस्ट नावाची बाई शिकागोहून येते आहे, बरोबर एक कॅमेरावाला. माझ्यावर फिल्म करणार आहे. फोनवर म्हणाली, "मि. हॅस्केट, तुम्ही तुमच्या तोंडून सगळं सांगावं, एवढंच मला हवंय." गेल्या पाच वर्षांत मला असं कुणी म्हटलेलं नाही.

आर्डिसला सांगितलं तर बटाटे सोलता सोलता तिने विचारलं, "सगळं म्हणजे कुठपर्यंतचं?"

"सगळं म्हणजे सगळं."

"मग मी तेवढे दिवस टोलीडोला बहिणीकडे जाऊ का?"

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण तिचं बोलणं मला अजून अर्धंच कळतं.

पुढेमागे ही वही कुणाच्या हाती पडली तर माहीत असावं म्हणून लिहितो. मी मर्ल हॅस्केट, वय अठ्ठावन्न, राहणार ईरी, पेनसिल्व्हेनिया. आधी दातांच्या डॉक्टरांसाठी खुर्च्या बनवायचो. नंतर तुरुंगांसाठी मृत्युदंडाची साधनं. फाशीच्या तक्त्याची कळ, विजेच्या खुर्चीचे पट्टे, गॅसच्या खोलीची दुरुस्ती, विषाच्या सुईचं यंत्र. नऊ राज्यांत माझं काम आहे. मी या धंद्यात आलो तेव्हा ही कामं तुरुंगातला सुतार नाहीतर वायरमन उरकायचा. मरणाऱ्याला किती वेळ लागतो याचं कुणालाच काही नव्हतं. मला होतं. ज्याला मरायचंच आहे त्याला यातना का व्हाव्यात? हा एकच प्रश्न मी आयुष्यभर सोडवत आलो.

ब्याण्णव साली गार्लंड टीग माझ्याकडे आले. ते 'इतिहास पुनर्तपासणी मंडळ' चालवतात. त्यांनी मला पोलंडला, महायुद्धातल्या बिर्केनाऊच्या नाझी छावणीत नेलं. तिथल्या पडक्या इमारतींत माणसं गॅसने मारणं शक्य होतं का, ते तंत्रज्ञ म्हणून सांगा, म्हणाले. मी मापं घेतली आणि चाळीस पानांचा अहवाल लिहिला. शक्य नव्हतं, असं लिहिलं. त्यानंतर एकाही तुरुंगाचा फोन आला नाही. वर्तमानपत्रांनी मला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. माझा कुणावर राग नाही. मी फक्त मोजमाप केलं.

१८ जानेवारी, शनिवार

पहिलं चित्रीकरण गॅरेजमध्ये. सरोवरावरून बर्फ येत होतं, दार बंद ठेवावं लागलं. सुईच्या यंत्राचं टेबल माझ्याकडे नमुन्यादाखल ठेवलेलं आहे, ते मी दाखवलं. टेसा चाळिशीची आहे, केस कापलेले, आवाज मऊ. मधे बोलत नाही, म्हणून आपण बोलत राहतो.

पट्टे कसे लागतात ते दाखवायला मी स्वतःच टेबलावर झोपलो. कॅमेरावाल्या डंकनने मी सांगेन तसे सातही पट्टे आवळले. तेवढ्यात त्याच्या दिव्यांनी फ्यूज उडवला. तो गाडीतून काहीतरी आणायला गेला आणि टेसा आर्डिसला फ्यूजचा डबा कुठे आहे ते विचारायला गेली. दोघंही परत येईनात. मी हाक मारली. गॅरेजमधली हाक स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही हे मला आजवर माहीत नव्हतं.

शेवटी आर्डिस आली, मेणबत्ती घेऊन. मला बघून लगेच पुढे आली नाही. उभीच राहिली.

"बघत काय बसलीस? आधी छातीचा सोड."

"ठाऊक आहे," म्हणाली, आणि डाव्या मनगटापासून सुरुवात केली. सगळे सुटल्यावर तिने विचारलं, "आतल्या माणसाला यातला एकही उघडता येत नाही?"

"आतून उघडता आला तर काय उपयोग?"

टेसाने पुन्हा पुन्हा माफी मागितली. मी म्हटलं, काही बिघडलं नाही. पट्टे उत्तम आहेत एवढं तरी सिद्ध झालं. सगळे हसले. आर्डिस मेणबत्ती घेऊन आत गेली.

२९ जानेवारी, बुधवार

फिल्ममध्ये बरं दिसावं म्हणून राखाडी सूट मिसेस श्पिरोंकडे टाकला. स्टेट स्ट्रीटवर त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, वर त्या एकट्याच राहतात. चौदा वर्षं माझे सूट त्यांच्याकडे जातात. असा हात या गावात दुसऱ्या कुणाचा नाही. बाई सत्तरीच्या असतील. भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा झगा घालतात. मुळात पोलंडच्या, हे मला ठाऊक आहे. पण अहवालाचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही काढला नाही. त्यांच्यापर्यंत पोचला नसेल.

आज मात्र तोंडात टाचण्या धरून, माझ्या पायाशी वाकून मापं घेताना त्या म्हणाल्या, "तुम्ही तिथे गेला होता म्हणे."

"हो."

"किती वेळ होता?"

कुणी पद्धतीबद्दल विचारलं की मला बरं वाटतं. मी नीट सांगितलं. दोन दिवस, मिळून अकरा तास, त्यातला एक तास जेवणाचा.

त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या. "जेवलात का तिथे?"

"डबा नेला होता. थंडी फार होती."

"हो," त्या म्हणाल्या. "तिथे थंडी फार असते." आणि मग, "पँट अर्धा इंच आखूड करावी लागेल. शुक्रवारी या."

१५ फेब्रुवारी, शनिवार

टेसाचा आजचा प्रश्न बालिश होता. मी समजावत होतो की गॅसची खोली ही सर्वांत धोक्याची वस्तू. एक झडप सैल राहिली तर बाहेर उभा असलेला रक्षक मेलाच. माझ्या खोलीत हवा बाहेर फेकायचं धुराडं चाळीस फूट उंच असतं. माणूस मेल्यावर तासभर कुणी आत जायचं नाही. त्या पडक्या तळघरांत असलं काहीही मला दिसलं नाही. म्हणून ते शक्य नाही.

ती म्हणाली, "पण आत रक्षक जात नव्हते, मि. हॅस्केट. प्रेतं कैद्यांकडूनच काढवून घेत. ते कैदी मेले तरी कुणाला फिकीर नव्हती, आणि काही महिन्यांनी त्यांनाही मारत."

"अशी खोली कोणता तंत्रज्ञ बनवील?"

"तेच विचारतेय."

"मी बनवणार नाही," मी म्हटलं. "जबाबदार माणूस बनवणार नाही."

"म्हणजे तुम्ही बनवली नसती म्हणून ती नव्हतीच?"

डंकन कॅमेऱ्याआडून खाकरला. मी पाणी मागितलं. नंतर गॅरेज झाडलं.

८ मार्च, शनिवार

काल क्लीव्हलंडच्या हॉटेलात टीग यांच्या मंडळाचं वार्षिक जेवण होतं. माझं भाषण. टेसाने परवानगी मागितली होती, टीगनी आनंदाने दिली. "येऊ दे, येऊ दे! झाकायचं काय आहे आपल्याला?" टीग उंच, पांढऱ्या मिशांचे, आवाज चर्चमधल्या गाणाऱ्यासारखा. माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगत होते, "हा आमचा आकड्यांचा माणूस. बाकीचे बोलतात, हा मोजतो."

बोलून संपलो तेव्हा दोनशे माणसं उभी राहिली. तुरुंगाच्या कामात टाळ्या नसतात. काम चांगलं झालं की सगळे जमिनीकडे बघत बाहेर पडतात. माझ्या कामासाठी माणसं उभी राहिली ती फक्त इथेच. हे कुणाला कळणार नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आमच्या टेबलावरच्या एका लठ्ठ माणसाने भट्टीवरून एक विनोद केला. सगळे फिदीफिदी हसले. मी हसलो नाही. कॅमेरा माझ्याकडे होता म्हणून फक्त ओठ ताणले. तेवढ्यात आर्डिस उठली. पर्स घेतली, ताटात अर्धा पाव तसाच टाकला आणि निघून गेली.

जेवण आटोपल्यावर बघितलं तर ती पार्किंगमध्ये गाडीत बसलेली. हीटर बंद. नाक लाल झालेलं.

"किल्ली तर तुझ्याकडेच होती. हीटर का नाही लावलास?"

"गाडी सुरू केली असती तर मी निघूनच गेले असते, मर्ल."

परतीच्या रस्त्यात ती एवढंच म्हणाली, "त्या विनोदावर तू दात दाखवलेस."

"मी हसलो नाही."

"मी बघितलं."

"ते हसणं नव्हतं," मी म्हटलं. ते खरंच आहे.

२० एप्रिल, रविवार

टेसा दक्षिणेत जाऊन आली. क्लेटन ओडमला भेटली. तिथल्या तुरुंगाचा तो तेव्हा अधीक्षक होता. सुईचं माझं यंत्र पहिल्यांदा त्याच्याकडे चाललं, शहाऐंशीच्या ऑक्टोबरात. आता निवृत्त आहे. मळ्यात टोमॅटो लावतो म्हणे. मला तो नेहमीच आवडला. त्याने काय सांगितलं ते ऐकायला मी उत्सुक होतो.

तिने टेप स्वयंपाकघरातल्या टीव्हीवर लावली. क्लेटन म्हातारा झाला आहे, गळ्याची कातडी लोंबते. तो म्हणाला:

"मर्ल भला माणूस होता. कैद्याशी अदबीने बोलायचा, सर म्हणायचा. पण त्या दिवशी यंत्र नीट चाललं नाही. शीर सापडली नव्हती, औषध दंडाच्या मांसात जात होतं. डेलमार रीड त्याचं नाव. तो डोकं उचलून विचारायचा, 'सुरू झालं का साहेब?' दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा नुसतं ओरडला. एकोणीस मिनिटं. मी खोलीतलं घड्याळ बघत होतो. मर्ल त्याच्या डोक्याशी उभा होता. नंतर त्याने वहीत लिहिलं, दोन मिनिटं चाळीस सेकंद. मी म्हटलं, मर्ल, हे काय? तर म्हणाला, माझ्या यंत्राला एवढाच वेळ लागला."

टेसाने टेप थांबवली. डंकनचा कॅमेरा सुरूच होता.

मी शांतपणे खुलासा केला. यंत्राची दांडी खाली येते तेव्हापासून शेवटच्या औषधापर्यंतचा वेळ दोन मिनिटं चाळीस सेकंद. तो अचूक आहे. आधी शीर शोधण्यात आणि नंतर डॉक्टरने तपासण्यात जो वेळ गेला तो तुरुंगाच्या माणसांचा. यंत्राच्या खात्यात तो धरता येत नाही.

"आणि डेलमार रीडच्या?" टेसाने विचारलं.

मी म्हटलं, क्लेटनचं वय झालंय. माणसाची आठवण म्हणजे मोजपट्टी नव्हे.

आर्डिस सिंकपाशी पाठमोरी उभी होती. नळ वाहत होता, हातात एकही भांडं नव्हतं.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी पॅनकेक वाढताना आर्डिस म्हणाली, "तू तेव्हा क्लेटनच्या तुरुंगातून आलास आणि चार दिवस जेवला नव्हतास. आठवतं?"

"पोटाचं काहीतरी होतं."

"आणि भिंतीवरचं घड्याळ काढून गॅरेजमध्ये टाकलंस. टिकटिक ऐकवत नाही म्हणालास. मी दुसरं आणलं, तेही काढलंस. अकरा वर्षं माझ्या स्वयंपाकघरात घड्याळ नाही, मर्ल. मी ओव्हनमध्ये अंदाजाने पाव भाजते."

मला हे आठवत नाही. गॅरेजमध्ये जाऊन पाहिलं. रंगाच्या डब्यांमागे, पोत्याखाली दोन घड्याळं आहेत. कुणी ठेवली, सांगता येत नाही.

१४ जून, शनिवार

आजचं सगळं जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करतो.

टेसाने एक कागद आणला. जुन्या पत्राची फोटोप्रत आणि एका प्राध्यापकाने केलेलं भाषांतर. तारीख ३१ मार्च १९४३. छावणीच्या बांधकाम कचेरीने कारखान्याला लिहिलेलं आहे. आधी दिलेल्या मागणीची आठवण करून दिली आहे. तिसऱ्या भट्टीघराच्या पहिल्या शवागारासाठी गॅसचं दार. माप शंभर बाय एकशे ब्याण्णव सेंटिमीटर. समोरच्या दुसऱ्या इमारतीत बसवलं आहे हुबेहूब तसंच. त्याला झरोका हवा. काच दुहेरी, आठ मिलिमीटरची, रबरी पट्टीसकट. ही मागणी विशेष तातडीची समजावी.

असली पत्रं मी आयुष्यभर लिहिली आहेत. ही भाषा माझी आहे. मागच्यासारखंच आणखी एक पाठवा, लवकर पाठवा. पहिलं बसवून, वापरून, नीट चाललेलं असल्याशिवाय कुणीही 'हुबेहूब तसंच' म्हणत नाही.

माझ्या अहवालात मी लिहिलं होतं, ते तळघर म्हणजे प्रेतं ठेवायची थंड खोली. मान्य. पण मग गॅसचं दार कशाला? आणि झरोका? दुहेरी काचेचा झरोका मी स्वतः तीन तुरुंगांत बसवला आहे. तो कशासाठी असतो ते माझ्याइतकं या देशात कुणाला ठाऊक नाही. बाहेरून बघायचं असतं, आतला हलायचा थांबला का. प्रेतांकडे झरोक्यातून कोण बघत बसतं?

हे सगळं मी मनात म्हटलं. कागद हातात धरून बसून राहिलो. बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं, ते बंद पडलं, पुन्हा सुरू झालं.

शेवटी ती म्हणाली, "मि. हॅस्केट, हे कशाचं दार आहे?"

मी म्हटलं, "मला मूळ कागद बघावा लागेल."

"पोलंडमध्ये, त्या संग्रहालयाच्या दप्तरात आहे. तुम्ही गेलात तेव्हाही तिथेच होता. दप्तरखाना त्या पडक्या इमारतींपासून गाडीने पाच मिनिटांवर."

"मी मापं घ्यायला गेलो होतो. कागद बघायला नव्हे."

ती निघाली तेव्हा कागदाची प्रत टेबलावर ठेवून गेली. आर्डिसने चष्मा लावून वाचली. घडी घातली, परत टेबलावर ठेवली आणि माझ्या हातावर हात ठेवला. कित्येक महिन्यांनी.

"सांगून टाक," ती म्हणाली. "चुकलो म्हण. माणसं चुकतात."

"आणि मग?"

"मग जेवू."

४ जुलै, शुक्रवार

बाहेर फटाके वाजताहेत. सकाळपासून पत्र लिहीत होतो. "प्रिय मि. टीग, नवीन पुराव्याच्या प्रकाशात..." फाडलं. "माझ्या अहवालात एक त्रुटी..." एक नव्हे. फाडलं. तिसऱ्यांदा फक्त "मी चुकलो" एवढंच लिहिलं आणि खाली सही केली. ते कागदावर फार छोटं दिसत होतं. चाळीस पानं, बावीस आकृत्या, दोनशे माणसं उभी राहिलेली, आणि हे दोन शब्द.

असं मी आजवर कशाबद्दलच लिहिलेलं नाही. एकदा लिहिलं की कुठे थांबायचं? लोक विचारतील, मग बाकीची मापं? मग तुमची यंत्रं? मग क्लेटन काय म्हणतो?

पत्र पाकिटात घातलं होतं. तेवढ्यात दारात टीगच. सणाच्या शुभेच्छा द्यायला म्हणून तीन तास गाडी चालवून आले होते, टरबूज घेऊन. टेसाने त्यांनाही तो कागद दाखवला होता.

"असले कागद ढीगभर निघतात, मर्ल. आपल्याला ठाऊक आहे काय ते. तुझ्या अहवालाची आता जर्मनमध्ये आवृत्ती निघतेय, मुखपृष्ठावर तुझा फोटो. डेन्मार्कला बोलावणं आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि समजा तू फिरलास, तर तुला घेणार कोण? तुरुंग घेतील? वर्तमानपत्रं माफ करतील? अरे, त्या बाजूचं दार तुला कधीच उघडणार नाही. तुझी माणसं आम्हीच."

आर्डिस टरबूज कापत होती. ती म्हणाली, "या घरात अजून एक माणूस राहतं, मि. टीग."

ते हसले. "अर्थातच, अर्थातच!"

ते गेल्यावर पाकीट शोधलं. माझ्याच खिशात होतं. अजून आहे. पाठवायला आज सुट्टी, उद्या शनिवार, परवा रविवार.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पुढच्या आठवड्यात इथल्याच कॉलेजच्या सभागृहात फिल्म दाखवणार आहेत. दुपारी दोन वाजता, नंतर प्रश्नोत्तरं. सुटाच्या कोटाचं अस्तर उसवलं होतं म्हणून मिसेस श्पिरोंकडे गेलो.

त्यांनी कोट उलटा करून बघितला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे काम मी करून देते. हातात घेतलेलं मी परत पाठवत नाही. पण यापुढे माझ्याकडे येऊ नका."

मी म्हटलं, "मिसेस श्पिरो, मी कुणाबद्दल वाईट बोललेलो नाही."

"ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुणाबद्दल बोललाच नाहीत. भिंतींबद्दल बोललात." मग टाका घालता घालता, माझ्याकडे न बघता, "माझी धाकटी बहीण नऊ वर्षांची होती. छावणीत उतरताच तिला डाव्या बाजूला पाठवलं, त्या भिंतींकडे, मला उजव्या, कामाकडे. आमच्या आईने तिच्या कोटाच्या आत बटणं शिवली होती, चोरांना दिसू नयेत म्हणून. सोन्याची नव्हती, साधीच, पण मोठी छान निळी. तुम्ही मापं घेत होता तेव्हा निळं बटण सापडलं का कुठे?"

मी नाही म्हटलं. खरंच सापडलं नव्हतं.

त्यांनी दोरा दातांनी तोडला. "या आता."

१९ ऑक्टोबर, रविवार

काल फिल्म झाली.

सभागृह भरलेलं. आर्डिस माझ्या शेजारी, तिने निळा झगा घातला होता. मागच्या दोन रांगा टीग यांच्या माणसांनी धरलेल्या. मला वाटलं होतं, फिल्ममध्ये माझं म्हणणं नीट मांडलेलं असेल. सगळं माझ्याच तोंडचं आहे, एक शब्दही बदललेला नाही. तरी तो मी नव्हे असं वाटत होतं. पडद्यावरचा माणूस टेबलावर झोपून हसतो आहे. हॉटेलात, त्या विनोदानंतर, तो दात दाखवतो आहे. मग क्लेटन. मग मी खुलासा करतोय, आणि सभागृहात कुणीतरी "देवा!" म्हणालं.

मग तो कागद. मी तो वाचतोय आणि काही बोलत नाही. मला वाटलं होतं ते कापतील. कापलेलं नाही. माझा चेहरा पडद्याएवढा, शब्द नाही, बाहेर गवत कापायचं यंत्र. कुठल्याही माणसाला तो चेहरा बघून कळलं असतं की याला सगळं कळलेलं आहे. मला कळलं. आर्डिसने माझा हात घट्ट धरला होता.

दिवे लागले. टेसाने मला मंचावर बोलावलं. पहिला हात वर झाला तो मिसेस श्पिरोंचा. त्या तिसऱ्या रांगेत होत्या, हे मी बघितलंच नव्हतं. त्या हळूहळू उठल्या, पुढच्या खुर्चीची पाठ धरून.

"मला एवढंच विचारायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही तो कागद वाचलात. तुमचा तो धंदाच आहे. ते दार कशाचं होतं?"

आर्डिस माझ्याकडे बघत होती, तिचे ओठ हलत होते, जसं शाळेच्या नाटकात आई प्रेक्षकांतून मुलाला वाक्य सांगते. मला ते वाक्य येत होतं. दोनच शब्द. मी तोंड उघडलं. मागच्या रांगेत टीग उभे होते, हाताची घडी घालून, मान हलवत, जा पुढे, जा पुढे, असं.

मी म्हटलं, "शवागाराचं."

मागच्या दोन रांगा उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या.

मिसेस श्पिरोंनी कोट घेतला. त्या वाट काढत निघाल्या तर आर्डिस उठली आणि त्यांच्या दंडाला धरून दारापर्यंत गेली. मला वाटलं, पोचवून येईल. दोघी बाहेर गेल्या. मी मंचावरून उतरलो, पण तोवर टीग यांच्या माणसांनी मला घेरलं होतं. कुणी हात हातात घेत होतं, कुणी अहवालाची प्रत पुढे करत होतं. "इथे सही करा, हॅस्केट साहेब." "माझ्या भावासाठी पण एक." मी म्हणत होतो, मला जरा जाऊ द्या, माझी बायको, पण टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. मी सह्या केल्या. दारापर्यंत पोचलो तेव्हा पार्किंगमध्ये आमची गाडी नव्हती.

टीग यांनी घरी आणून सोडलं आणि ते मुक्कामाला राहिले. डेन्मार्कचं ठरवायचं आहे म्हणाले.

२० ऑक्टोबर, सोमवार

आज नाश्त्याच्या वेळी फोन वाजला. आर्डिस होती. मिसेस श्पिरोंच्या दुकानावरच्या खोलीतून बोलत होती. मागे शिवणयंत्राचा आवाज येत होता.

"मर्ल, मी इथे आहे. गाडीही इथेच आहे."

"कधी येतेस?"

"तू ये. वर यायचं नाही, दुकानातच ये. त्या बसल्या आहेत. त्यांना खरं उत्तर दे, मग आपण दोघं मिळून घरी जाऊ. एवढंच. मी थांबते."

टीग स्टोव्हपाशी उभे राहून कॉफी गाळत होते. माझ्याच कपात. आर्डिस म्हणाली, "मर्ल? ऐकतोयस ना?" ती वाट बघत होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी हळूच रिसीव्हर खाली ठेवला.

टीगनी कप माझ्यापुढे सरकवला. "कोण होतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "चुकून लागला होता."